मागच्या रांगेचा उजेड

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या रात्री मठात झालेलं भाषण. बोललं तसंच, थोडं नीट करून छापलं आहे.)



 खांबामागच्या मायबहिणींना आधी एक विनंती. पुढं या. काहून म्हणतो ते भाषण संपेपर्यंत समजेल.

आज कीर्तन नाही, म्हणून अभंग घेतला नाही. समितीनं सांगितलं, महाराज, स्मरणिकेतल्या फोटोंबद्दल दोन शब्द बोला. दिंडीत या लाईटाच्या खुळावर काही मंडळी नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, शंभर वर्षं टाळ-मृदंगावर चाललं, आता मधातच हा चमकणारा डबा काहून आणला? उत्तर आम्हीच द्यावं, कारण तो डबा आम्हीच डोक्यावर धरून फिरलो.

आम्ही चौथी शिकलो. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरी बैल राखायला माणूस नव्हता. तेव्हा कोणी म्हणेल, याला कॅमेऱ्यातलं काय समजते? खरं आहे, समजत नव्हतं. हाती धरलं तेव्हा समजलं. वखर धरल्याशिवाय वाही कळते का?

आधी जुन्या फोटोची गोष्ट सांगतो.

आपली दिंडी धापेवाड्याला जाते. विदर्भाचं पंढरपूर म्हणतात त्याला. इथं कळमेश्वर तालुक्यातच, चंद्रभागेच्या काठी. कोलबास्वामींचं ठिकाण. आषाढी झाली की गुरुपौर्णिमेच्या सुमारास पांडुरंग तिथं येतो अशी आपल्या बापजाद्यांची श्रद्धा. ज्याला पंढरपूर घडलं नाही तो तिथं पायी जाऊन दर्शन घेते. कैक वर्षांखाली तिथल्या मुक्कामी, रात्री, एका फोटोवाल्यानं अख्ख्या दिंडीचा एक फोटो काढला. तोच फोटो मठात काचेत लावलेला आहे. तुम्ही सगळ्यांनी पाह्यला आहे.

त्यात पुढच्या रांगेत विणेकरी, पखवाजी, आमचे वडील, गावचे पाटील. सगळे असे पांढरे दिसतात की चुना लावला. मधली रांग बरी. आणि मागं भिंतीपाशी बाया उभ्या आहेत, डोक्यावर तुळस, कोणाच्या डोक्यावर घागर. त्या बायांचं काही दिसत नाही. काळे ठिपके. एखादीचे दोन डोळे, एखादीच्या कपाळाचा बुक्का, बस.

आम्ही समजत होतो, फोटोवाला कच्चा होता, नाही तं रीळ जुनं होतं. पण तसं नाही जी. आमच्या धाकट्या भावाचा नातू नागपुरात फोटोचं काम करते. लग्न, बारसं, काय येईल ते. त्यानं तो फोटो पाह्यला आणि म्हणाला, "आबाजी, फोटोवाल्याची चूक नाही. त्याचा दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर होता. दिव्यापासून जो दूर, त्याले उजेड कमी."

आम्ही म्हटलं, कमी म्हणजे किती? दूर म्हणजे थोडंसं कमी ना?

तो म्हणाला, "थोडं नाही. पाच फुटांवर जेवढा उजेड पडते, दहा फुटांवर त्याचा अर्धा नाही, पाव पडते. पंधरा फुटांवर नववा हिस्सा."

आम्हाले पटलं नाही. मग त्यानं मठातच दाखवलं. लाईट बंद केले, एक बॅटरी भिंतीपासून हातभर धरली. भिंतीवर ताटाएवढा गोल पडला. दोन हातांवर नेली तं गोल दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच. म्हणजे तेवढाच उजेड चार ताटांत वाढला. चार ताटांत वाढलं तं एकाच्या वाट्याला पाव येणार. इतकं सोपं आहे. पंगतीत भात तेवढाच आणि माणसं चौपट, असं समजा.

त्या रात्री झोप आली नाही. कारण फोटोवाल्यानं बायांना मागं उभं केलं नव्हतं. त्या वेळी चोपदाराची काठी आमच्या हाती होती. आम्हीच काठी आडवी धरून म्हटलं होतं, "बायांनो, मागं व्हा." ते शब्द अजून कानात आहेत.

त्या मागच्या रांगेत पोरांची आई होती.

तिचा दिंडीतला तेवढाच फोटो. घरी लग्नातला एक होता, तो पुरात भिजून गेला. ती गेली तेव्हा तेरवीला लावायला फोटो नव्हता. मग ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो मोठा करून आणला. सरकारी फोटो तुम्ही जाणता. तोंडावर सरळ चमक, मागं पांढरं कापड, माणूस चोरीत सापडल्यावाणी. पोरगी फोटोपुढं हात जोडून उभी राह्यली आणि म्हणाली, "बाबा, ही आई नाही." आम्ही काय उत्तर देणार? बावीस वर्षं जिनं डोक्यावर तुळस घेऊन दिंडी चालली, तिचा चेहरा पोरीला दाखवायला आमच्यापाशी नव्हता.

तेव्हा समितीच्या बैठकीत आम्ही हट्ट धरला. शताब्दीची स्मरणिका काढता ना? मग त्यात अध्यक्ष आणि देणगीदारांचेच फोटो नकोत. दिंडीत चाललेल्या प्रत्येक जुन्या माणसाचा फोटो पाहिजे. जो मठात येऊ शकत नाही, त्याच्या घरी जाऊन पाहिजे. आणि बाया आधी.

आता यंत्राबद्दल सांगतो, कारण नव्या पोरांना पुढं हे काम करायचं आहे.

स्टुडिओतला मोठा लाईट विजेवर चालते. वायर, पिना, भिंतीतलं सॉकेट. आपल्याकडे वावरात वीज रात्री येते, ओलितासाठी. दिवसा वस्तीवर आली तं आली. तिथं स्टुडिओ कसा नेणार? म्हणून हा बॅटरीवरचा. नातवापाशी होता तो गोडॉक्स कंपनीचा, एडी दोनशे म्हणतात. विटेएवढा, वजन किलोच्या आत. दोनशे म्हणजे दोनशे वॅट-सेकंद, ही त्याची ताकद. याच जातीचा सहाशेचाही येते, तो जड. दोनशेवाल्याची बॅटरी एकदा भरली की पूर्ण ताकदीच्या पाचशेच्या आसपास चमका देते असं कंपनी सांगते. आम्हाले एका दिवसाला तेवढ्या कधी लागल्या नाहीत.

चालते कसा? तुमच्यापाशी फवारणीचा पंप आहे ना, पाठीवरचा? दांडा मारून आत दाब साठवता आणि मग खटका दाबला की एकदम फवारा. तसंच. बॅटरी हळूहळू वीज देते, ती आत एका साठवणीत जमा होते. पूर्ण भरायला दोन सेकंद. भरली की बारीक शिट्टी वाजते. मग खटका दाबला की सगळी वीज काचेच्या नळीतून एकदम जाते. नळीत झेनॉन नावाचा वायू असते, तो लखकन उजळते. किती वेळ? पूर्ण ताकदीवर सेकंदाचा दोनशेवा हिस्सा. ताकद कमी केली तं त्याहूनही बारीक वेळ. पापणी लवायच्या आत काम फत्ते.

खटका लाईटाला नसते, कॅमेऱ्याला असते. कॅमेऱ्यावर एक छोटी डबी बसवतात, ट्रिगर. ती बिनतारी संदेश देते. म्हणजे कॅमेरा एका ठिकाणी आणि दिवा भलत्याच ठिकाणी, मधात वायर नाही. माउली, सगळं मर्म इथं आहे. दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावरून उतरला. आता तो ज्याच्यापाशी न्यायचा त्याच्यापाशी नेता येते.

दिवा धरायचं काम आमच्याकडे. नातू म्हणे, "आबाजी, तुमी आमचे दिवटीवाले." जुन्या माणसांना आठवत असेल, कीर्तनात दिवटी असे, तेल घालणारा वेगळा. नंतर गॅसबत्ती आली. लग्नाच्या वरातीत बाया डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालत. उजेड नवरदेवावर, आणि बत्ती वाहणारीचं तोंड अंधारात. किती वराती पाह्यल्या, पण एकाही बत्तीवालीचा चेहरा आम्हाले आठवत नाही.

उघडी चमक तोंडावर मारू नये. ती भर उन्हासारखी कडक पडते, सुरकुत्यांच्या नाल्या दिसतात, नाकाची सावली ओठावर. म्हणून दिव्यापुढं पांढरी छत्री लावतात, नाही तं कापडाची पेटी. उजेड येण्याची जागा जेवढी मोठी आणि माणसाच्या जेवढी जवळ, तेवढा तो मऊ. आभाळात पातळ ढग असले की ऊन कसं सौम्य होते, तसा. पेटी एका बाजूनं, डोक्यापेक्षा हातभर उंच, आणि खाली वाकवून धरायची. चष्मा असेल तं आणखी उंच, नाही तं काचेत दिवाच दिसते.

दुसरी अडचण आपल्या वेशाची. धोतर पांढरं, सदरा पांढरा, टोपी पांढरी आणि वावरात रापलेलं तोंड काळं. मोबाईल पांढऱ्यावर भुलते, अख्खा फोटो अंधारवते, तोंड दिसत नाही. तोंडाकडे पाहून फोटो काढला तं कपडे जळतात, टोपी आभाळात मिसळते. इथं दिवा थोडा फिरवून तोंडाकडे केला, सदरा कडेच्या उजेडात ठेवला, की दोन्ही सांभाळते. काळा रंग झाकायचा नाही, उजळ करायचा नाही. आहे तसा दाखवायचा. आपला देव सावळाच आहे.

तिसरी गोष्ट आभाळाची. आषाढात आपण संत्र्याच्या बगीच्यापाशी फोटो काढले. वर काळे ढग, खाली हिरवं. नातवानं सांगितलं, कॅमेऱ्याला दोन चाव्या समजा. पडदा किती वेळ उघडा ठेवला त्यावर आभाळ ठरते. दिव्याची ताकद किती ठेवली त्यावर तोंड ठरते. चमक इतकी बारीक असते की पडदा थोडा जास्त वेळ उघडा राह्यला तरी तोंडावरच्या चमकेत फरक पडत नाही. पण पडदा फार जलद, सेकंदाच्या अडीचशेव्या हिश्श्याच्या पलीकडे नेला तं अर्ध्या फोटोवर काळी पट्टी येते, कारण चमकेच्या वेळी पडदा पूर्ण उघडा नसते. आमची पहिली तीन-चार माणसं अशी अर्धी कापल्या गेली. पुन्हा उभी केली.

वारा मात्र वैरी. छत्री लावलेला दिवा म्हणजे शीडच. पहिल्याच दिवशी स्टँड पडता पडता वाचला. मग आम्ही सोयाबीनच्या बियाण्याच्या रिकाम्या थैलीत माती भरली आणि स्टँडच्या पायाला बांधली. नातवाला ही युक्ती आमची. त्याच्या पुस्तकात तिला वाळूची थैली म्हणतात.

पावसात जपायचं. त्या डब्यात शेकडो व्होल्ट साठून राहतात, बंद केल्यावरही. ओल्या हातानं धरू नये, उघडून तं मुळीच पाहू नये. बॅटरी उन्हात ठेवू नये, रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये.

हा दिवा नवा आहे, पण त्यामागचा विचार जुना आहे. जर्मनीत १८८७ साली मॅग्नेशियमच्या भुकटीची चमक निघाली. दिवाळीच्या फुलबाजीतली जी पांढरी चमक, त्याच जातीची. ती बातमी अमेरिकेत न्यूयॉर्कला जेकब रीस नावाच्या बातमीदारानं वाचली. हा माणूस स्वतः डेन्मार्कहून पोटासाठी आलेला. तिथल्या गरिबांच्या चाळी इतक्या अंधाऱ्या की कॅमेऱ्याला काही दिसत नसे. त्यानं ती भुकटी घेतली आणि रात्री त्या खोल्यांत शिरला. एकेका खोलीत माणसं कोंबलेली. १८९० साली त्याचं पुस्तक निघालं आणि शहराला लाज वाटली, सुधारणा सुरू झाल्या. पण भुकटीनं त्याच्या हातून दोनदा घराला आग लागली, एकदा स्वतःचे कपडे पेटले. आणि झोपेतली माणसं त्या स्फोटानं भिऊन उठत. म्हणजे उजेड नेला हे चांगलं, न विचारता नेला हे बरं नाही. आपण दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

आता ज्यासाठी उभा राह्यलो ते सांगतो.

गावाच्या टोकावर एक म्हातारी आहे. नाव सांगत नाही, स्मरणिकेत आहे. पोरांच्या आईच्या जोडीनं तुळस घेऊन चालणारी. दोन वर्षांपासून खाटेवर. आम्ही दिवा घेऊन गेलो. घरात खिडकी एक, तीही नांदीच्या मागं. वीज गेलेली. तीच म्हणाली, "महाराज, या अंधारात काय दिसन मायं तोंड? राहू द्या."

आम्ही म्हटलं, "दिवा सोबत आणला ना, बाई."

सून म्हणाली, लुगडं बदलते. म्हातारीनं ऐकलं नाही. म्हणाली, माळ नीट करा, टिळा लावा, बाकी राहू द्या. नातवानं विचारलं, आजी, चमक पडंल, भेव तं नाही वाटत? एक चमक भिंतीवर मारून दाखवली. ती हसली. मग पेटी खाटेपाशी नेली, हातभर अंतरावर, ताकद अगदी कमी केली. आम्ही स्टँड न लावता हातातच धरला. सहा चमका झाल्या. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तिला दाखवलं. मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिनं डोळ्यापाशी धरून पाह्यलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माया मायवाणी दिसू रायली मी."

निघताना आम्ही मठातला जुना फोटो काढून दाखवला. सोबत नेला होता. म्हटलं, यात तुम्ही कुठं? तिनं बोट ठेवलं. "ही मी. घागर माया डोक्यावर होती." मग बोट सरकवलं. "ही तुमची."

माउली, आम्ही आजवर भलत्याच ठिपक्याला पोरांची आई समजत होतो. डावीकडून तिसरी. मठात येता-जाता त्या तिसऱ्या ठिपक्याकडे पाहून हात जोडत होतो. ती तिसरी नव्हती, पाचवी होती. म्हातारी म्हणाली, "तिसरी कुंभाराची सून. तुमची अशी मान तिरपी करे, तुळस पडू नये म्हणून. पाहा ना." पाह्यलं, तं काळ्या ठिपक्यात मान तिरपी होती. मान आम्हाले ओळखू आली. तोंड नाही आलं.

घरी आल्यावर नातवानं संगणकावर पुष्कळ खटपट केली. शेवटी म्हणाला, "आबाजी, जिथं उजेड पडलाच नाही, तिथं आता काहाडायले काही नाही." हे वाक्य आम्ही कीर्तनात घेणार आहो.

काही मंडळी म्हणतील, देह नाशिवंत आहे, त्याचे फोटो काय करता? ज्ञानोबा-तुकोबांचे कुठं फोटो आहेत? खरं आहे, नाहीत. १९३६ साली प्रभातचा संत तुकाराम आला आणि त्यात काम करणाऱ्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा कैक घरात तुकोबांचा म्हणून पुजल्या गेला. संतांचं त्यानं काही बिघडलं नाही, कारण त्यांचा शब्द आपल्यापाशी आहे. पण जिनं ओवी लिहिली नाही, कीर्तन केलं नाही, फक्त तुळस वाह्यली, तिचं काय उरते? दिंडीच्या जुन्या वह्या आम्ही चाळल्या. वर्गणी, भिशी, मुक्काम, भांडी सगळं लिहिलं आहे. चालणाऱ्या पुरुषांची नावं आहेत. बायांच्या जागी लिहिलं आहे, "व बाया". एवढंच. शंभर वर्षांच्या बाया एका शब्दात.

म्हणून स्मरणिकेत प्रत्येक फोटोखाली बाईचं स्वतःचं नाव आहे. अमक्याची मंडळी, तमक्याची आई असं नाही.

आता पुढच्यासाठी चार गोष्टी ठरवू. समितीनं मान हलवली आहे, तुम्हीही हलवा. एक, काकडा, हरिपाठ, कीर्तन चालू असताना चमक मारायची नाही. तिथं आहे त्या उजेडात फोटो काढावा, नाही आला तं नाही. दोन, देवळात गाभाऱ्यापाशी विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही. तीन, बैल आणि घोड्याच्या डोळ्यावर चमक नाही, कोणाला फिट येत असेल तं त्याच्यावर नाही, आणि माणसाला विचारल्याशिवाय कोणावरच नाही. चार, दिंडीचा सगळ्यांचा फोटो दरसाल काढायचा, आणि दिवा मागच्या रांगेपाशी उभा करायचा. पुढच्यांनी चिंता करू नये. पुढच्यांना सूर्याचा उजेड पुरते.

शेवटचं. स्मरणिकेत तो जुना फोटो छापला आहे. खाली मागच्या रांगेची नावं, म्हातारीनं सांगितली तशी. डावीकडून सातवी कोण, हे तिला आठवलं नाही. तिथं जागा कोरी ठेवली आहे. कोणाच्या आईनं, आजीनं तेव्हा दिंडी केली असेल आणि कोणाला ओळख पटली, तं मठात येऊन सांगा. नाव लिहून घेऊ.

बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तं अडाणी माणूस समजून पदरात घ्या.

राम कृष्ण हरी.